संगणकाची वीजपेटी : एक रेल कीं अनेक ?

घरांतील एखादा दिवा अचानक गेला तर जाणता गृहस्थ प्रथम मीटरजवळच्या फळीकडे वळतो. तेथें एकच खटका नसतो. दिव्यांचा व पंख्यांचा एक, गीझरचा एक, स्वयंपाकघराचा एक अशी रांग असते आणि त्या सर्वांवर एक मुख्य खटका असतो. वीज तर सर्वांना एकाच वाटेनें येते. मग खटके इतके कशाला ? उत्तर तारेच्या जाडींत आहे. दिव्याकडे जाणारी बारीक तार सहा-दहा अँपिअर प्रवाह सुखानें वाहूं शकते. तिच्यांतून दीर्घकाळ तीस अँपिअर जाऊं लागले कीं ती तापते, तिचें वेष्टन वितळतें आणि भिंतीच्या आंत आग धुमसूं लागते. मुख्य खटका चाळीस अँपिअरचा असेल तर त्याला या अनर्थाची वार्ताहि लागत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तीस अँपिअर हा अगदीं सभ्य प्रवाह होय. म्हणून प्रत्येक शाखेवर तिच्या तारेला साजेसा पहारेकरी बसवितात.

टेबलावरच्या संगणकाच्या पोटांत हाच प्रश्न गेलीं वीस-बावीस वर्षें वादाचा विषय होऊन बसला आहे. संगणकाच्या पाठीमागें, जेथें भिंतीकडून आलेली जाड तार खोंचतात, तेथें आंत पत्र्याची एक पेटी असते. बाजारांत तिला एस.एम.पी.एस. म्हणतात, कोणी पॉवर सप्लाय म्हणतात. नवी पेटी घेऊं गेलें तर एका खोक्यावर 'सिंगल रेल' ही बिरुदावली मिरवत असते आणि शेजारच्या खोक्यावर तितक्याच अभिमानानें 'चार रेल' असें छापलेलें असतें. मुलांचा अभ्यास, घरचा हिशेब, पत्रव्यवहार आणि अलीकडे खेळहि ज्या यंत्रावर चालतात, त्याचें अन्न या पेटींतून जातें. आणि पेटी बिघडली तर ती नेहमींच एकटी जात नाहीं, कधीं कधीं तिच्याहून कितीतरी महाग अशीं कार्डें सोबत घेऊन जाते. तेव्हां या दोन बिरुदांचा अर्थ काय, याची चौकशी व्यर्थ ठरणार नाहीं.

प्रथम पेटीचें कार्य पाहिलें पाहिजे. भिंतींतून येणारा २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह ती एकदिश करते. त्या वेळीं त्याचा दाब सव्वातीनशें व्होल्टांच्या घरांत, आणि हल्लींच्या चांगल्या पेट्यांत त्याहूनहि वर जातो. मग ट्रान्झिस्टरच्या झडपा दर सेकंदाला हजारों वेळां उघडझांप करून त्या प्रवाहाचे तुकडे करतात आणि ते एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पोंचवितात. उघडझांप जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणूनच हजार वॅटांची पेटी एका हातानें उचलतां येते. पलीकडे निघतात ते दाब मुख्यतः तीन : १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. प्रत्येक दाबाची जी सामायिक वाट, तिला या धंद्यांत 'रेल' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पेटींत या वाटा रंगांवरून ओळखूं येतात : पिवळी तार बारा व्होल्टांची, तांबडी पांचांची, नारिंगी ३.३ ची, आणि काळ्या तारा परतीच्या.

आय.बी.एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां त्याची पेटी अवघ्या ६३.५ वॅटांची होती आणि तिच्यांतील मोठा वांटा पांच व्होल्टांच्या वाटेचा होता. पुढें प्रोसेसरची भूक वाढली. शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. परंतु तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १२० वॅट पांच व्होल्टांवर न्यावयाचे तर २४ अँपिअर लागतात, बारा व्होल्टांवर दहाच. तार तीच असली तर पहिल्या प्रकारांत दुसऱ्याच्या पावणेसहा पट उष्णता निर्माण होते. म्हणून २००० सालीं पेंटियम ४ हा प्रोसेसर आला तेव्हां इंटेल कंपनीनें, १९९५ पासून चालत आलेल्या आपल्या ए.टी.एक्स. मानकाला जोड देऊन, बारा व्होल्टांचा एक चौकोनी चार खुंट्यांचा प्लग खास प्रोसेसरसाठीं योजिला. तेव्हांपासून बारा व्होल्टांची वाट हाच राजमार्ग झाला. आजच्या मोठ्या पेटींत जवळजवळ सारी शक्ति त्या एकाच वाटेनें देतां येते; पांच आणि ३.३ व्होल्ट पुष्कळदां तिच्यांतूनच उतरवून घेतलेले असतात. एक कीं अनेक हा जो वाद आहे तो या बारा व्होल्टांपुरता.

वादाचें मूळ मात्र संगणकांत नसून सुरक्षिततेच्या नियमांत आहे. बारा व्होल्टांचा झटका माणसाला सहसा बसत नाहीं. मोटारींतील बॅटरीहि तितक्याच दाबाची असते. पण मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना ठाऊक असतें कीं बॅटरीच्या दोन टोंकांवर पाना आडवा पडला तर तो ठिणग्या उडवीत लाल होतो, आणि अंगठी मध्यें सांपडली तर बोट भाजून निघतें. दाब थोडा, पण मागें शक्तीचा सांठा मोठा, यांत हा धोका आहे. माहिती हाताळणाऱ्या यंत्रांसाठीं केलेल्या आय.ई.सी. ६०९५० या आंतरराष्ट्रीय मानकांत, वापरणाऱ्याचा हात पोंचेल अशा जागीं २४० व्होल्ट-अँपिअर शक्ति मिळणें हें धोक्याचें मानलें होतें. २४० ला १२ नें भागलें कीं येतात २० अँपिअर. संगणकाचें झांकण तर घरांतील कोणीहि उघडतो. म्हणून २००३ सालीं निघालेल्या ए.टी.एक्स.१२व्ही. मानकाच्या दुसऱ्या आवृत्तींत बारा व्होल्टांची वाट दोन शाखांत विभागली गेली, एक प्रोसेसरला आणि दुसरी बाकीच्यांना. आणि प्रत्येक शाखेला ही २४० व्होल्ट-अँपिअरची मर्यादा पडली. मोठ्या पेट्यांवर पुढें तीन, चार, सहा शाखा दिसूं लागल्या.

येथेंच बहुतेकांचा गैरसमज होतो. चार रेल म्हणजे पेटींत चार स्वतंत्र जनित्रें बसविलीं आहेत, आणि एकीवरील ओढाताण दुसरीला कळत नाहीं, अशी कल्पना जाहिरातींनीं रूढ केली. अगदीं थोडे अपवाद सोडले तर तसें नसतें. ट्रान्सफॉर्मर एक, प्रवाह एकदिश करणारी योजना एक, बारा व्होल्टांचा सांठा एक. चार रेल म्हणजे गच्चीवरील एकाच टाकीला बसविलेल्या चार तोट्या. टाकींतील पाणी हेलावलें तर चारही तोट्यांना तें जाणवतें. म्हणून अनेक रेलांमुळें वीज 'अधिक शुद्ध' मिळते हें म्हणणें जितकें पोकळ, तितकेंच एका रेलेमुळें ती 'अधिक बळकट' मिळते हेंहि पोकळ.

मग फरक कशांत आहे ? पहारेकऱ्यांत. प्रत्येक शाखेच्या आरंभीं अत्यल्प रोधाचा एक तुकडा बसवितात. त्यांतून प्रवाह गेला कीं त्याच्या दोन टोंकांमध्यें दाबाचा किंचित् फरक पडतो. एक चिप तो फरक सतत मोजीत असते, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे तो गेला कीं पेटी बंद करते. घरच्या फळीहून येथें एक भेद आहे. घरीं गीझरचा खटका पडला तरी दिवे जळत राहतात. संगणकांत एका शाखेनें मर्यादा ओलांडली कीं सारी पेटीच बंद होते, आणि मागील खटका कांहीं वेळ बंद ठेवून पुन्हां लावल्याशिवाय ती सहसा उठत नाहीं. अर्धा संगणक चालूं ठेवण्यांत हित नसतें, म्हणून हें योग्यच आहे. एका रेलेच्या पेटींत पहारेकरी एकच, किंवा कांहीं पेट्यांत तोहि नाहीं. असला तर तो साऱ्या बारा व्होल्टांच्या बेरजेवर नजर ठेवतो.

अनेक रेलांची बदनामी कशी झाली हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. पेटीवरील चिठ्ठीवर पहिली रेल १८ अँपिअर, दुसरी १८ अँपिअर, आणि खालीं बारीक अक्षरांत दोहोंची मिळून कमाल ३६० वॅट असें लिहिलेलें आहे, असें समजा. ३६० वॅट म्हणजे ३० अँपिअर. अठरा आणि अठरा मिळून छत्तीस होतात, पण मिळणार तीसच. कारण टाकी तेवढीच आहे. आतां प्रोसेसर आपल्या शाखेवर ७ अँपिअर घेतो, आणि दुसऱ्या शाखेवर ग्राफिक्स कार्ड व तबकड्या मिळून २२ अँपिअर मागतात. बेरीज २९, पेटीच्या शक्तीच्या आंतच. तरीहि दुसऱ्या शाखेचा पहारेकरी पेटी बंद करतो, आणि पहिल्या शाखेवरचे अकरा अँपिअर कोणाच्याच उपयोगीं न पडतां अडकून राहतात. ग्राफिक्स कार्डांची भूक झपाट्यानें वाढली त्या काळांत पुष्कळांना हा अनुभव आला : खेळ रंगांत यावा आणि संगणक एकाएकीं काळाठिक्कर पडावा. 'सिंगल रेल' हें बिरूद जन्मास आलें तें या वैतागांतून. २००७ सालच्या २.३ या आवृत्तींत २४० व्होल्ट-अँपिअरची सक्तीहि मानकांतून गेली. दरम्यान कांहीं कारखानदारांनीं एक निराळीच युक्ति केली होती. पेट्या उघडून तपासणाऱ्यांना असें आढळलें कीं चिठ्ठीवर छापलेल्या शाखा कित्येक पेट्यांच्या आंत नव्हत्याच. सर्व पिवळ्या तारा एकाच पट्टीला डाखलेल्या, आणि नियमाचें पालन फक्त छापखान्यांत झालेलें. गंमत अशी कीं त्या खोट्या पेट्यांबद्दल बंद पडण्याची तक्रार कमी येई.

तेव्हां एकच रेल हाच निर्वेध मार्ग, असें वाटणें साहजिक आहे. पण घरच्या फळीवरील बारीक तारेची गोष्ट येथें आठवावी लागते. हजार वॅटांच्या पेटींत बारा व्होल्टांवर सुमारें ८३ अँपिअर मिळतात. एकच पहारेकरी असेल तर त्याची मर्यादा ८३ च्या वर, बहुधा शंभरीच्या आसपास किंवा तिच्यापलीकडे ठेवावी लागते. संगणकांतील नेहमींची पिवळी तार अमेरिकन मापानें १८ गेजची, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची असते. साठ सेंटिमीटर लांबीच्या अशा तारेचा रोध सुमारें ०.०१२६ ओहम भरतो. तिच्यांतून ८ अँपिअर गेले तर तिच्यांत पाऊण वॅटाहून थोडी अधिक उष्णता होते. हाताला कळणारहि नाहीं. समजा, ती तार पत्र्याच्या धारदार कडेला घांसून तिचें वेष्टन गेलें आणि पत्र्याशीं तिचा अर्धवट स्पर्श झाला. स्पर्श पुरता असता तर दाब एकदम कोसळून शॉर्ट सर्किटचें संरक्षण तत्क्षणीं जागें झालें असतें. अर्धवट स्पर्शांतून ५० अँपिअर वाहूं लागले तर मात्र शंभरांचा पहारेकरी स्वस्थ असतो, आणि त्या बारीक तारेंत ३१ वॅट उष्णता साठूं लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचें सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच शक्तीचें असतें, आणि त्यानें धातु वितळते. येथें वेष्टन आहे प्लास्टिकचें. प्रत्यक्ष स्पर्शाच्या जागीं तर याहून कितीतरी अधिक, शेंकडों वॅटांची उष्णता निघते. हीच तार तीस अँपिअर मर्यादेच्या शाखेवर असती तर धूर निघण्यापूर्वींच पेटी बंद झाली असती.

यावरून निष्कर्ष निघतो तो संख्येविषयींचा नसून मर्यादेविषयींचा आहे. ४५० किंवा ५५० वॅटांच्या पेटींत एकूण बारा व्होल्टांचा प्रवाहच सदतीस ते सेहेचाळीस अँपिअर असतो. तेथें एका रेलेवरील पहारेकरी आणि मोठ्या पेटीच्या एका शाखेवरील पहारेकरी यांच्या मर्यादांत फारसें अंतर राहत नाहीं. साध्या घरगुती संगणकाला एका रेलेची चांगली पेटी निश्चिंतपणें घ्यावी. पेटी हजार-बाराशें वॅटांची झाली कीं गोष्ट बदलते. जी बिरुदावली मोठ्या पेट्यांवर अधिक मिरवते, तिची गरज तेथेंच सर्वांत कमी आहे, हा बाजाराचा उलटा न्याय म्हणावा लागेल.

शाखांचा पहारा सर्वसमर्थ आहे असेंहि मानूं नये. तबकड्यांना वीज देणाऱ्या साटा प्लगच्या बारा व्होल्टांच्या तीन खुंट्या प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे मिळून साडेचार अँपिअरांच्या असतात. स्वस्त, साच्यांत ओतलेल्या जोडप्लगांत आंतल्या आंत तारा एकमेकींना लागून ते जळाल्याचीं उदाहरणें परिचित आहेत. अशा वेळीं प्रवाह वीस अँपिअरांपर्यंतहि पोंचत नसेल, तर एक रेल काय आणि सहा रेल काय, कोणालाच सुगावा लागणार नाहीं. २०२२ सालीं आलेल्या नव्या बारा खुंट्यांच्या प्लगाची कथा याहून बोधप्रद आहे. हा एकटा प्लग ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर वाहण्यासाठीं केलेला. सहा तारांत वांटले तर प्रत्येकीला सुमारें ८.३ अँपिअर. त्याच सालच्या हिंवाळ्याच्या आरंभीं एनव्हिडिया कंपनीच्या ४०९० या कार्डावर हे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पुरता आंत न बसणें हें एक प्रमुख कारण निघालें, आणि २०२३ मध्यें सुधारलेल्या प्लगांत सूचना देणाऱ्या चार छोट्या खुंट्या आंखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगाला वीजच मिळूं नये. या दुखण्यांत एकूण प्रवाह मर्यादेच्या आंतच असतो; सहांपैकीं दोन-तीन खुंट्यांवर त्याचा नको तितका भार पडतो एवढेंच. पहारेकरी बेरीज मोजतो, वांटणी मोजत नाहीं.

पहारेकऱ्यानें किती तत्पर असावें हाहि नाजूक प्रश्न आहे. आधुनिक ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या नेमस्त गरजेच्या कितीतरी वर उसळी घेतें. २०२२ च्या ए.टी.एक्स. ३.० मानकानें मोठ्या पेट्यांवर अशी अट घातली कीं नांवावर असलेल्या शक्तीच्या दुप्पट मागणी सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरती आली तरी पेटीनें ती सोसली पाहिजे. म्हणजे पहारेकऱ्याला थोडा धीरहि शिकवावा लागतो. पूर्वीं ज्या पेट्या विनाकारण बंद पडत, त्यांत कित्येकदां दोष शाखांचा नसून या उतावळेपणाचा असे.

कांहीं कारखानदारांनीं दोन्ही पक्षांना राजी ठेवण्याचा मार्ग काढला. जर्मनीतील 'बी क्वाएट' कंपनीनें आपल्या कांहीं मोठ्या पेट्यांना अशी कळ दिली कीं ती फिरविली म्हणजे वेगळ्या शाखा एक होतात. 'कॉर्सेअर' या अमेरिकन कंपनीनें २०१२ मध्यें काढलेल्या बाराशें वॅटांच्या पेटींत शाखांच्या मर्यादा संगणकाच्या पडद्यावरूनच बदलतां येऊं लागल्या. एकच पेटी एका कळीनें दोन्ही होऊं शकते, यावरून शाखा म्हणजे वेगळे उगम नव्हेत हें पुन्हां स्पष्ट होतें.

'एक रेल' या शब्दाचा हल्लीं आणखी एक अर्थ कानावर येतो, त्याचा घोटाळा होऊं नये. २००६ सालीं गूगल कंपनीतील उर्स होल्झले आणि विल्यम वाइल यांनीं असें सुचविलें कीं पेटीनें फक्त बारा व्होल्ट द्यावे आणि बाकीचे दाब मदरबोर्डनें स्वतः तयार करावे. त्यानें विजेची नासाडी कमी होईल. इंटेलनें २०१९ मध्यें ए.टी.एक्स.१२व्ही.ओ. या नांवानें तसें मानक प्रसिद्ध केलें, आणि त्यांत मदरबोर्डच्या चोवीस खुंट्यांच्या प्लगाच्या जागीं दहा खुंट्या पुरल्या. येथें 'एक' आहे तो दाब. त्या एका दाबाच्या शाखा किती करावयाच्या आणि प्रत्येकीवर पहारा केवढा ठेवावयाचा, हा प्रश्न तेथेंहि राहतोच.

खरेदी करतांना चिठ्ठीवरील बारा व्होल्टांची एकूण शक्ति प्रथम पाहावी. शाखांच्या आंकड्यांची बेरीज करूं नये. पेटी अनेक रेलांची असेल तर कोणता प्लग कोणत्या शाखेवर आहे याचा नकाशा पुस्तिकेंत असतो. ग्राफिक्स कार्डाला दोन प्लग लागत असतील तर ते दोन वेगळ्या शाखांवरून घ्यावे, आणि एकाच तारेला फुटलेले दोन प्लग टाळावे. शाखा तीस-चाळीस अँपिअरांच्या असल्या तर वर सांगितलेल्या अठरा अँपिअरांच्या अडचणीचें भय बहुतेक उरत नाहीं.

आणि पेटी चालतां चालतां बंद पडली तर खटका पुन्हां पुन्हां दाबून तिची परीक्षा पाहूं नये. भिंतीकडील तार काढावी, झांकण उघडून एखादी तार पत्र्यावर घांसली आहे काय, एखादा प्लग काळवंडला आहे किंवा अर्धवट बसला आहे काय, हें उजेडांत नीट पाहावें, आणि दोष सांपडेपर्यंत यंत्र बंदच ठेवावें. पत्र्याची पेटी मात्र घरीं उघडूं नये. तार काढल्यानंतरहि तिच्यांतील धारित्रांत कांहीं वेळ सव्वातीनशें व्होल्टांचा सांठा शिल्लक असूं शकतो, आणि त्याचा झटका बारा व्होल्टांसारखा निरुपद्रवी नसतो.